ओट्यापाशी मोजणी

"आभाळाला इचारल्याबिगर आता मातीला हात लावता येईना बगा," सटवाजी लिंबाच्या बुंध्याला पाठ घासत पुटपुटला. "मोजायची साखळी होती तवा तुटली तर निदान तारंनं बांधता यायची. ह्ये वरूनच बोलंना झालं तर कुनाच्या पाया पडावं?"

त्याचं हे गाऱ्हाणं कुणाला उद्देशून नव्हतं. पण मालनबाई हातभर अंतरावर घागर कलती करून त्याचाच तांब्या भरत होती, त्यामुळं तिला ते सगळं ऐकू आलं. ऐकून तिला बरं वाटलं. सकाळपासून ह्या मोजणीची धास्ती आपल्यालाच लागलीय असं तिला वाटत होतं. सरकारच्या माणसाचंही तेच चाललंय म्हटल्यावर जरा सोबत झाली.

सटवाजी मोजणी हापिसातला मदतनीस. तिपाई, लाल-पांढऱ्या काठ्या, टेप, खुंट्या, रेघा मारायच्या पांढऱ्या फक्कीची पिशवी आणि मॅडमची छत्री, एवढं सगळं वर्षानुवर्षं वागवून त्याचा एक खांदा कायमचा खाली गेला होता. मॅडम म्हणजे संघप्रिया, पालमच्या हापिसातली भूकरमापक. तिशीच्या आतली पोर, डोक्याला ओढणी, ओढणीवर टोपी, पायात बूट. तिच्या हातात माणसापेक्षा उंच काठी होती, काठीच्या शेंड्याला पालथ्या वाटीसारखा पांढरा डबा, आणि मधे अडकवलेला मोबाइलसारखा पडदा. ह्याला रोव्हर म्हणतात. काठी जिथं टेकवाल त्या जागेचा ठिकाणा तो वरच्या उपग्रहांना विचारून घेतो आणि बोटाच्या पेराएवढाही फरक पडू देत नाही. पण हे उघड्या रानात. झाडाखाली पानं आडवी आली की त्याला आभाळ फुटकं दिसतं आणि आकडा काही केल्या एका जागी बसत नाही.

"फिक्स येईना," संघप्रिया पडद्याकडं बघत म्हणाली. "नुसतं फ्लोट दाखवतंय."

हे दोन शब्द सकाळपासून सगळ्यांना पाठ झाले होते. फिक्स म्हणजे जागा पक्की. फ्लोट म्हणजे आपलं चाललंय, बघू.

मोजायची होती ती दोन रानांमधली हद्द. पश्चिमेचं रान बसम्माचं, पूर्वेचं मालनबाईचं, मधे धुरा, म्हणजे बांध. धुऱ्याच्या दक्षिण टोकाला हा लिंब, लिंबाखाली शेंदूर फासलेला म्हसोबाचा दगड, आणि दगडाच्या अलीकडं, बसम्माच्या बाजूला, रेवणप्पाचा ओटा. रेवणप्पा म्हणजे बसम्माचा नवरा. त्यांच्यात माणूस गेला की जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, अंगाला विभूती लावतात, बेलाची पानं वाहतात आणि माती देतात. रेवणप्पाला त्याच्या रानातच माती दिली, वर सिमेंटचा ओटा बांधला, आणि ओट्याच्या पूर्व अंगाला एक माणूस बसेल एवढी जागा मोकळी सोडली. ती कुणासाठी, हे कुणी बोललं नव्हतं आणि कुणाला सांगावंही लागत नव्हतं. दर सोमवारी बसम्मा येऊन ओटा झाडायची तेव्हा शेजारची ती मोकळी जागाही झाडून घ्यायची, घराला लागून असलेली ओसरी झाडावी तशी.

आज ती सकाळपासून त्या मोकळ्या जागेवरच बसून होती.

मोजणीची रेघ ओट्याच्या पूर्वेला पडली तर सगळं होतं तसंच. पश्चिमेला पडली तर रेवणप्पा आणि त्याच्या शेजारची ती जागा, दोन्ही मालनबाईच्या रानात जाणार. आणि नेमक्या त्याच कोपऱ्यात भगवानरावांना शेततळं खोदायचं होतं.

भगवानराव मालनबाईचे मालक. झेडपीच्या शाळेत उभा जन्म काढला, त्यामुळं सारं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं आणि गावाबरोबर मालनबाईही. पोरांच्या वह्यांना पट्टी लावून समास आखून देणारा माणूस. मुलगा सुगत पुण्याहून रोज फोनवर सांगायचा, "बाबा, खालच्या कोपऱ्यात तळं घ्या, पाणी तिथंच साचतं." तर गुरुजींनी आधी मोजणीचा अर्ज केला. "आधी हद्द, मग खड्डा," एवढंच ते म्हणाले. त्यात कुणाचं वाईट चिंतायचं काही नव्हतं. समास आखल्याशिवाय त्यांना लिहिताच यायचं नाही.

मालनबाईनं तांब्या सटवाजीला दिला, घागर खाली ठेवली, परत उचलली, सावलीतून उन्हात आणि उन्हातून सावलीत नेली. मग तिला कळेना की ही घागर आपण कशाला फिरवतोय. ती ओट्यापाशी गेली.

"अक्का, च्या आणू का?"

"मघाच पेले की."

"मग तिकडं बुंध्यापशी तरी बसा. हितं मानसं येजा करायलीत."

"करू देत. मी कुनाच्या आडवी येत न्हाई," बसम्मा म्हणाली. गळ्यातल्या लिंगाची चांदीची डबी तिनं पदराखाली सारली. "मशीन काय म्हनतंय?"

"आजून फिक्स न्हाई म्हनं."

"झाक. फिक्स व्हायची घाई त्यालाबी न्हाई अन् मलाबी न्हाई."

मालनबाई हसली, पण हसू ओठावरच राहिलं. बसम्मा तिच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. मालनबाई नवी नवरी होऊन आली तेव्हा ही बाई तिला वरून पाणी ओतायची, ओंजळीत. आता दोघी एका किटलीतला चहा एकमेकींच्या कपात ओततात. हे नेमकं कोणत्या साली बदललं ते दोघींनाही सांगता आलं नसतं. कुणी ठरवलं नव्हतं. खुरपता खुरपता झालं.

तेवढ्यात विरेश धुऱ्यावरून तावातावानं आला. बसम्माचा एकुलता एक. पालमला बी-बियाणाचं दुकान, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाइल पसरून धरलेला.

"मॅडम, माझ्या मोबाइलवर तर ओटा आमच्यातच दाखवायलाय. हे बगा की. निळा ठिपका."

संघप्रियानं वाकून बघितलं. "विरेशभाऊ, हा ठिपका चालतोय."

"मी हुबाच हाय की."

"तुमी हुबेच हाव," सटवाजी मागून म्हणाला, "पर तुमचा ठिपका पालमच्या रोडला लागला. गाडी धरायची असंल त्याला."

आजूबाजूच्या रानांचे दोघे-तिघे साक्षीला म्हणून आले होते, ते हसले. विरेश हसला नाही. मोबाइल खिशात घालून तो हलक्या आवाजात, पण ऐकू जाईल असं म्हणाला, "मॅडमचं नाव संघप्रिया. गुरुजींच्या पोरीचं असावं असं. आमी काय बोलनार मग."

मालनबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण संघप्रियानं पडद्यावरून मान वर केली नाही. "वरच्या उपग्रहांना माझं नाव माहीत नाही, भाऊ. तुमचंही नाही. झाडाखाली मला कुणाचंच फिक्स येत नाही, तुमच्या वाटणीचंही. आता टेपनं घेते, तुम्हीच एक टोक धरा म्हणजे शंका राहायची नाही."

मग तिनं लिंबापासून दूर, उघड्यावर दोन जागा निवडल्या. दोन्हीकडं काठी टेकवली, दोन्हीकडं लगेच फिक्स आलं. त्या दोन जागांपासून म्हसोबाच्या दगडापर्यंत टेप ताणायला लावली, एकदा विरेशच्या हातानं, एकदा गुरुजींच्या. दोन अंतरं जिथं एकमेकांना गाठतात तिथं दगड. झाडाला कितीही पानं असली तरी ह्याला आभाळ लागत नाही. सटवाजीचा चेहरा टेप हातात आल्यावर जरा निवळला.

आकडे घालून संघप्रिया पडद्याकडं बराच वेळ बघत राहिली. जुना नकाशा तिनं सकाळीच त्यात बसवला होता, गावाच्या शिवेवरचे आणि आजूबाजूच्या गटांचे पक्के दगड मोजून. ते सगळे आपापल्या जागी बसत होते. एकटा म्हसोबा बसत नव्हता.

"हा हद्दीचाच दगड दिसतोय," ती म्हणाली. "घडण तीच आहे, शेंदराखाली फुलीही असेल. पण मूळचा इथलाच का हा?"

साक्षीदारांतला एक जण तंबाखू मळायला लागला. गुरुजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. विरेश लिंबाच्या शेंड्याकडं बघायला लागला, तिथं कावळासुद्धा नव्हता.

सगळ्यांना ठाऊक होतं. रेवणप्पाच्या आईची ती गोष्ट साऱ्या शिवाराला पाठ होती. देव उन्हात तापतोय हे त्या बाईला बघवेना, म्हणून एका आखाडात तिनं बैलगाडी जुंपली, पहार घातली, आणि म्हसोबाला उघड्यावरून उचलून लिंबाच्या सावलीत आणला. त्या साली पीक बरं आलं, तेव्हा देवालाही सावली मानवली असं ठरलं. बसम्मा दर आखाडात निवद दाखवताना ती गोष्ट कौतुकानं सांगायची, आणि मालनबाईनं ती इतक्यांदा ऐकली होती की त्यातल्या बैलांचे रंगही तिला ठाऊक होते. तो दगड देव व्हायच्या आधी हद्द होता, हे मात्र कुणाच्या मनात कधी आलं नाही. दगड सावलीत गेला, पुढं नांगर दगडाच्या धोरणानं वळला, आणि नांगराच्या मागं धुरा वळला. चोरी कुणीच केली नव्हती. देवाला ऊन लागत होतं, एवढंच.

"सासूबाईनी आनला," बसम्मा बसल्या जागेवरून म्हणाली. "सावलीला."

"आई, तू गप," विरेश म्हणाला.

"मी गपच हाय की सकाळपसून."

संघप्रियानं मान हलवली आणि घड्याळाकडं बघून जेवायची सुट्टी केली. सगळे लिंबाखाली बसले. मालनबाईनं भाकरी सोडल्या, ठेचा वाढला, कांदा फोडला. स्वतःला मात्र तिनं वाढून घेतलं नाही. "तेल आणते" म्हणून ती उठली आणि तेल तिथंच असताना धुऱ्यानं चालत सुटली.

धुऱ्याच्या पश्चिमेला, बसम्माच्या रानात, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या. पण धुऱ्याला लागून दोन तासं, कापसाच्या दोन ओळी बसतील एवढी पट्टी, तिथं पऱ्हाटीच्या खुणाच नव्हत्या. तिथं किती वर्षांत काही पेरलेलंच नव्हतं. नुसतं गवत.

गुरुजींचे वडील वारले त्या वर्षी भाद्रपदात पावसाची झड लागली होती. ओढ्याच्या कडेची वाट वाहून गेलेली. गुरुजींच्या लोकांच्या मसणवाटेकडं जायला एकच रस्ता उरला, रेवणप्पाच्या कापसातून. कापूस पात्याफुलावर होता. रेवणप्पा खालच्या आवाजात, वाईट न बोलता म्हणाला, "धुऱ्यावरनं न्या." बस, एवढंच. चौघे खांदेकरी आणि एका माणसाचा धुरा. काळ्या मातीचा, पावसात भिजलेला. गुरुजी पुढच्या खांद्याला होते. एक पाय धुऱ्यावर, एक पाय खाली गाळात, असं तिरडी कलत कलत गेली, आणि मागून चालणाऱ्या बायकांत मालनबाई होती. तिरडीवरचा हात एकदा दोरीतून सुटून लोंबायला लागला, तो गुरुजींनी चालता चालता परत आत घेतला. त्यावर ते आजवर एक शब्द बोलले नव्हते. घरातसुद्धा नाही. गुरुजी अशा गोष्टी बोलत नसत, समासाबाहेर लिहीत नसत तसंच.

पुढच्या मृगात बसम्मानं सरकी लावायला बायका घातल्या, तेव्हा धुऱ्याकडची दोन तासं सोडायला लावली. का, म्हणून तिच्या नवऱ्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. तेव्हापासून ती पट्टी तशीच. पुढं रेवणप्पा गेला तोही ऐन पिकाच्या दिवसांत, आणि उभ्या कापसात खड्डा घ्यायला जागा नव्हती, म्हणून त्याला त्याच मोकळ्या पट्टीत माती दिली. दुसऱ्याच्या मयताला वाट म्हणून सोडलेल्या जागेत तो स्वतः जाऊन बसला. आणि आता ती पट्टी तिकडच्या टोकाला त्याची नव्हतीच, असं आभाळातून कुणीतरी सांगू बघत होतं.

मालनबाई परत आली तेव्हा गुरुजी हात धूत होते. तिनं पाणी घालता घालता हळूच म्हटलं, "अवो, ते अक्काचं..."

"मालन, हद्द म्हणजे हद्द. आधी ती कळू दे."

"मी हद्दीचं न्हाई म्हनत."

"मग नंतर बघू."

विरेश दुचाकीपाशी फोनवर बोलत होता. तो थांबेपर्यंत ती पदराचं टोक पिळत उभी राहिली. "विरेश, तुझ्या आईचं काय ठरविलं?"

"काकू, त्यो इषय आता नगं," त्यानं इकडंतिकडं बघत म्हटलं. "आधी अप्पांचं वाचू द्या. फुडचं फुडं."

तिथंही नंतर, इथंही पुढं. मालनबाईला वाटलं, हे दोघं एकाच शाळेत शिकले असावेत.

उन्हं कलायला लागली तशी संघप्रियानं काठी पुन्हा हातात घेतली. आता उलटं काम होतं. नकाशातली हद्द रानात कुठं येते ते शोधायचं. पडद्यावर बाण होता. तो सांगेल तिकडं चालायचं. ती उघड्या रानातून चालायला लागली, मागं सटवाजी खुंट्या घेऊन, मागं विरेश, गुरुजी, साक्षीदार, आणि सगळ्यांच्या मागं मालनबाई. पहिली खुंटी वरच्या टोकाला धुऱ्याच्या पोटातच बसली. दुसरी धुऱ्याला चिकटून. तिसरी धुऱ्यापासून सुटली, बसम्माच्या रानात. विरेशच्या चालीत फरक पडला. चौथ्या खुंटीला बाण आणखी पश्चिमेला वळला. बाण वळला की सगळ्यांच्या माना वळायच्या. शेवटच्या कोपऱ्यावर संघप्रिया मागंपुढं झाली, काठीवरचा पाण्याचा बुडबुडा मध्याला आणला, आणि यंत्र बारीक आवाजात वाजलं.

"फिक्स," ती म्हणाली.

ओटा तिच्या पूर्वेला होता. चांगल्या दोन माणसांच्या लांबीनं.

सटवाजीनं खुंटी टेकवली, पण घण उचलला नाही.

"एकदा परत बगा," विरेश म्हणाला.

संघप्रियानं परत बघितलं. काठी काढून, फिरून येऊन, पुन्हा टेकवली. तेच आलं. तिसऱ्यांदा तिनं विरेशच्या हातात काठी दिली. तेच.

"तुम्हाला मान्य नसेल तर वर अपील करता येतं," ती म्हणाली. "मी खुणा दाखवून जाते. पंचनाम्यात मला हद्दीच्या आत काय काय आहे ते लिहावं लागेल. एक झाड. आणि हे... काय लिहू?"

तंबाखूवाल्यानं परत चिमूट मळायला घेतली.

"ओटा लिहा," गुरुजी म्हणाले.

"हां, ओटा," विरेश घाईनं म्हणाला. त्याला तो शब्द धरून उभं राहायला बरा वाटला असावा. "ओट्याचं काय एवढं. म्हनलं तर फोडून हिकडं आमच्या अंगाला बांधतो. एका दिवसाचं काम हाय गवंड्याचं."

ओटा इकडं, आणि खालचा माणूस? हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडावर आला आणि प्रत्येकानं गिळला. बसम्मानं पोराकडं एकदा बघितलं आणि ओट्यावरचं एक पान उचलून बाजूला टाकलं.

गुरुजींनी घसा साफ केला. मालनबाई त्यांच्याकडं बघत राहिली. इतक्या वर्षांच्या संसारानं तिला एवढं कळत होतं की हा माणूस आता काहीतरी मोजतोय, आणि ते तळं नाही.

"ओटा फोडायचा नाही," ते सावकाश म्हणाले. "मी तसा माणूस नाही. रेवणप्पा आहेत तिथं राहू देत. मी जबाबात लिहून देतो, ओट्याला माझ्याकडून कधी धक्का लागणार नाही."

विरेशचे खांदे एकदम खाली आले. "गुरुजी, लय उपकार झाले."

"उपकार नाहीत. तळ्याची कड ओट्याला धरून घेऊ. ओट्याच्या पूर्व अंगाला लागून. ओटा कोरडा राहील, तळंही होईल."

"चालतंय की. एकदम चालतंय."

साक्षीदार माना डोलवायला लागले. असं समजूतदारपणानं मिटलं की गावाला बरं वाटतं. कुणीतरी म्हणालंही की आजकाल एवढं कोण करतं. संघप्रिया मांडीवर फाइल घेऊन जबाब लिहायला लागली. सटवाजीनं घण उचलून खुंटी ठोकली, चार ठोक्यांत. मग फक्कीची पिशवी काखेत मारून म्हणाला, "गुरुजी, हातासरशी तळ्याचीबी कड आखून देतो. परत कुटं येता."

ओट्याच्या पूर्व अंगाला लागून. मालनबाईनं गुरुजींकडं बघितलं. ते जबाब वाचत होते. विरेशकडं बघितलं. तो फोनवर बायकोला सांगत होता, "वाचलं, वाचलं. अप्पाचं वाचलं." दोघांनाही कळलं होतं की नव्हतं? की कळलेलं बाजूला ठेवून दोघं समजूतदार झाले होते? तिला कुणावर रागवावं तेही कळेना. तिरडी कलली होती त्या दिवशी रेवणप्पाही असाच, आवाज न चढवता, समजूतदारपणानं बोलला होता.

आणि तिच्या मनात हेही आलं, ते तिनं लपवलं नाही स्वतःपासून: बरोबरच आहे. धुऱ्यावरनं न्या म्हणाले होते ना. आता त्यांनाही कळू दे. हा विचार मोठा गोड लागला. जिभेवर जरा वेळ राहिला. मग ती पट्टी तिच्या डोळ्यापुढं आली, वर्षानुवर्षं न पेरलेली, गवताची, कुणी न मागता सोडलेली.

"दोन्ही खातेदारांच्या सह्या," संघप्रिया म्हणाली. "सातबाऱ्यावर काकूंचंही नाव आहे."

गुरुजींनीच ते लावून घेतलं होतं, नोकरीत असताना, गावातल्या पुरुषांना सांगत सांगत. त्यांनी सही केली, खाली तारीख घातली आणि पेन मालनबाईपुढं धरला. मालनबाईनं पेन घेतला.

तिकडं सटवाजी मुठीत फक्की घेऊन ओट्याच्या कोपऱ्यापाशी वाकला होता. त्याची रेघ जिथून जायची तिथं बसम्मा बसली होती.

"आजी, जरा उठता का," तो अदबीनं म्हणाला. "रेघ वडायचीय."

बसम्मानं आधी डबी पदरात नीट केली, मग ओट्याच्या कडेवर हात टेकला, गुडघ्यावर दुसरा हात ठेवला, आणि उठायला लागली. पहिल्यांदा जमलं नाही. विरेश फोन कानाला लावूनच एका हातानं तिला धरायला पुढं आला.

"बसा, अक्का," मालनबाई म्हणाली.

तिचा आवाज फाटला होता, त्यामुळं सगळ्यांनी बघितलं. सटवाजीच्या मुठीतून फक्की त्याच्याच बुटावर सांडत होती. मालनबाईनं पेन मिटला.

"गुरुजी, तळं कुटंबी घ्या. विरेश, त्यो फोन ठेव," ती म्हणाली. "अक्का मरनार हाय. आज न्हाई, पर मरनार हाय. अन् मेल्यावर तिला हितं, आमच्या रानात, तिच्या मालकाच्या शेजारी बसवायचंय."